पारंबीखालची जमीन

आमच्या नगर जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. (2024 पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण जिभेला वळण पडायला थोडा वेळ लागेल.) शिर्डी, शिंगणापूर, भंडारदरा. पायांत जोर असेल तर कळसूबाई नाहीतर हरिश्चंद्रगड. 'एक झाड बघायला जा' असं काही कुणी सांगत नाही. म्हणून म्हटलं आज आपण सांगावं.

संगमनेर तालुक्यात पेमगिरी नावाचं गाव आहे. इतिहासवाल्या मंडळींना नाव ओळखीचं असेल. निजामशाही बुडत असताना शहाजीराजांनी त्या घराण्यातल्या एका लहान मुलाला गादीवर बसवून त्याच्या नावाने कारभार चालवला, त्याची सुरुवात याच पेमगिरीच्या किल्ल्यावर झाली. 1636 मध्ये तो खेळ संपला. आता किल्ल्यावर पाण्याची टाकी आणि पेमादेवीचं देऊळ आहे. पण मी सांगतोय ते किल्ल्याबद्दल नाही. या गावाच्या शिवारात एक वड आहे. एकच वड, आणि पसारा अडीच-तीन एकरांचा सांगतात.

माझं आजोळ संगमनेरकडचं, त्यामुळे या झाडाबद्दल लहानपणापासून ऐकून होतो. जाणं मात्र होत नव्हतं. वटपौर्णिमेच्या आदल्या रविवारी आईनेच विषय काढला. तिचं म्हणणं असं की पुण्यात आल्यापासून वटपौर्णिमेला बाजारातून दहा रुपयांची फांदी आणायची, कुंडीत खोचायची आणि तिला दोरा गुंडाळायचा, हे काही तिच्या मनाला पटत नाही. "ज्याची पूजा करायची त्याचाच हात तोडून आणायचा, हा कसला प्रकार?" वडील म्हणाले, सात जन्मांचा प्रश्न आहे, जाऊन या. स्वतः मात्र मॅच बघत घरी थांबले.

पुणे-नाशिक रस्त्याने निघालो. नारायणगाव, आळेफाटा, मग घारगाव, चंदनापुरी घाट आणि संगमनेर. हा रस्ता माझ्या लहानपणी एसटीच्या खिडकीतून पाठ झालेला होता, आणि त्या पाठांतरातल्या खुणा म्हणजे दोन्ही बाजूंचे वड. फांद्या वर एकमेकींना भिडलेल्या, खोडांना पांढरे-तांबडे पट्टे मारलेले, आणि एसटीच्या टपाला पारंब्या घासल्या की खर्रर्र असा आवाज. मागच्या दशकात रस्ता चौपदरी झाला आणि झाडं गेली. रस्ता झकास आहे, खोटं कशाला बोला; पूर्वी अर्धा दिवस खाणारा प्रवास आता दुपारच्या जेवणाआधी आटपतो. पण दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल लावलीये, आणि तिची सावली कण्हेरीलाच पुरत नाही. आई खिडकीतून बघत होती. म्हणाली, "इथे एक गाडीवाला उसाचा रस विकायचा, झाडाखाली." कुठे ते तिलाही नक्की सांगता येईना. खूणच उरलेली नाही ना.

संगमनेरहून मामेभाऊ मोटारसायकलवर पुढे आणि आम्ही मागे, असे धांदरफळवरून पेमगिरीला पोचलो. गावातून थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "ते बघ." मला झाड दिसेना. समोर एक राई दिसत होती, आमराई असावी तशी, गडद हिरवी. मी म्हटलं, "त्या राईच्या पलीकडे का?" तो हसायला लागला. ती राई म्हणजेच झाड.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती गारवा. बाहेर जूनचं ऊन आणि वळवानंतरचा उकाडा, आत एकदम माठाजवळ बसल्यासारखं. दुसरी गोष्ट म्हणजे नजर ठरत नाही. आपण झाडाकडे बघतो तेव्हा आधी खोड शोधतो, मग वर जातो. इथे खोड कुठलं? मी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो. कवेत मावणार नाहीत असे कितीतरी खांब, काही मनगटाएवढे, काही अजून हवेतच लोंबणारे. मोजायला सुरुवात केली आणि पन्नाशीच्या पुढे नाद सोडला. त्यातलं मूळ झाड कुठलं ते मला काही ठरवता आलं नाही. आईने तो प्रश्नच मनात आणला नाही. जो खांब पहिला समोर आला त्याला हळद-कुंकू लावून मोकळी झाली.

आता थोडं यंत्रणेबद्दल, कारण धंदा आमचा तोच.

हिंजवडीत आमच्या ऑफिसच्या आवारात रॉयल पामची रांग आहे. कुठल्याही आयटी पार्कात ती असतेच, बहुधा नकाशाबरोबरच येत असावी. क्यूबा-कॅरिबियनकडचं हे झाड, सरळसोट, दिसायला देखणं, कचरा बेताचा, सावली जवळजवळ नाही. ताड-माडांच्या कुळाची गंमत अशी की बहुतेकांना वाढीचा कोंब एकच असतो, अगदी शेंड्याला. तो छाटला की उंची कितीही असो, झाड संपलं. त्यांचं खोड आपल्या आंबा-वडासारखं वर्षागणिक नव्या लाकडाचे थर चढवत जाड होत नाही, त्यामुळे जखमही भरून येत नाही. आमच्याकडे ओढ्याकाठी शिंदीची झाडं असतात, तीही याच कुळातली. रसासाठी एक वर्ष ह्या बाजूने कापतात, पुढच्या वर्षी त्या बाजूने, आणि त्या खाचा खोडावर नागमोडी जिन्यासारख्या कायमच्या राहतात. दक्षिणेतला आणि श्रीलंकेतला तालिपॉट नावाचा माड तर आणखी पुढचा. ज्याच्या बिया आपल्याकडे बजरबट्टू म्हणून पोरांच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बांधत, तोच. तो तीस-चाळीस, कधी त्याहूनही जास्त वर्षं नुसता वाढतो, मग एकदाच शेंड्यावर प्रचंड फुलोरा काढतो, फळं पिकवतो आणि मरतो. सगळी पुंजी एका डावावर. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच सर्व्हर, बॅकअप नाही.

वडाची रचना नेमकी उलटी. आडव्या फांदीतून पारंबी सुटते. सुरुवातीला ती दोऱ्याएवढी असते आणि नुसती हवेत लोंबते. पावसाळ्याच्या तोंडाला तिचं टोक पिवळसर-तांबूस, कोवळं दिसतं. वर्षानुवर्षं ती खाली येत राहते. जमिनीला टेकली, आत शिरली, की सगळं पालटतं. आतापर्यंत ती फांदीवर जगत होती, आता स्वतः पाणी ओढून फांदीला द्यायला लागते. वडाच्या जवळच्या एका भाऊबंदावर 1960 च्या दशकात अभ्यास झाला होता. त्यात दिसलं की जमिनीत रुजल्यावर पारंबी आतल्या आत आखडते, तंबूची दोरी ताणावी तशी ताठ होते, आणि मग जाड होत जाते. काही वर्षांनी ती दोरी राहत नाही, खांब होते. खांबाचा आधार मिळाला की फांदी आणखी पुढे जाऊ शकते, पुढे गेली की नवी पारंबी सोडते. मूळ खोड असलं काय, नसलं काय.

हे नुसतं तत्त्व नाही. मी बंगलोरला नोकरीला असताना म्हैसूर रस्त्याजवळचा दोड्ड आलद मर, म्हणजे शब्दशः 'थोरला वड', बघायला गेलो होतो. तोही तीनेक एकरांचा. त्याचं मूळ खोड रोगाने केव्हाच गेलं, आणि झाड उभं आहे. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला वड त्याहून मोठा, साडेचार एकरांच्या पुढचा. बुरशीने पोखरलेलं त्याचं मूळ खोड 1925 मध्ये कापून काढावं लागलं. आज शंभर वर्षं ते झाड बिनखोडाचं चालू आहे, साडेतीन हजारांहून जास्त पारंब्यांवर, आणि अजून बाहेर पसरतंय. आंध्रातला तिम्मम्मा मर्रिमानू पाच एकरांचा, त्याचं नाव 1989 मध्ये गिनीज बुकात गेलं. शिकंदराबरोबर आलेल्या लोकांनी हे झाड पाहिलं आणि ग्रीसमध्ये थिओफ्रॅस्टसने ते ऐकून लिहून ठेवलं, यात नवल नाही. जो कुणी पहिल्यांदा बघेल तो घरी जाऊन सांगणारच.

इतकं वाचून तुम्हाला वाटेल की वडाला मरण नाही. मलाही असंच लिहून थांबता आलं असतं. पण झाडाखाली एक आजोबा शेळ्या घेऊन बसले होते, त्यांनी विषय वेगळ्या बाजूला नेला.

"कुठून आले?"

"पुण्याहून, बाबा. आजोळ इकडचंच."

"मंग पावनेच." आईकडे बघून म्हणाले, "बसा बाई, खाली बसा. इथली जागा गार हे."

मी विचारलं झाड किती वर्षांचं असेल. त्यांनी हात झटकला. "आमच्या आज्याच्या येळंलाबी असंच व्हतं म्हणतेत. वयाचं काय करायचं? वय इचारतेत समदे. जमीन कोनी इचारीत नाही."

"म्हणजे?"

"आरं, पारंबी कुढं टेकंल ते झाडाला कुढं ठावं? ती येती खाली. खाली माती पायजे. इथं कोनी नांगर घातला नाही, फांदी तोडीत नाही, देवाची जागा हे. म्हून ती टेकली. तुमच्या पुन्यात कुढं टेकंल?"

मी गप्प बसलो, कारण पुण्यात कुठे टेकेल याचं उत्तर मला माहीत होतं.

आमच्या घराजवळच्या चौकात एक वड होता. फार मोठा नाही, पन्नास-साठ वर्षांचा असावा. मी राहायला आलो तेव्हा त्याखाली मातीचा पार होता, चप्पल शिवणारे एक काका बसायचे. मग फुटपाथ नवा झाला. पेव्हर ब्लॉक अगदी खोडाला घासून बसवले, कडेने सिमेंट भरलं. पारंब्या दरवर्षी उन्हाळ्यात एका उंचीवर सरळ रेषेत कापत, गाड्यांच्या टपाला लागतात म्हणून. खालून बघितलं तर शाळेतल्या मुलीची झालर कापल्यासारखं दिसायचं. फांद्या मात्र वाढतच होत्या, रस्त्यावर, आडव्या, लांब. चारएक वर्षांपूर्वी जुलैत एका रात्री तो आडवा झाला. सुदैवाने खाली कुणी नव्हतं. सकाळी आम्ही सगळे बघायला गेलो. एका बाजूची मुळं केबलसाठी चर खणताना कधीतरी तोडलेली होती, ती टोकं काळी पडली होती. वडाला वय झालं होतं म्हणे. दुपारपर्यंत लाकूड गेलं, आठवड्यात तिथे ब्लॉक बसले. चप्पल शिवणारे काका आता पुलाखाली बसतात.

वय वगैरे काही नव्हतं. पारंब्या म्हणजे त्या झाडाचे टेकू होते, ते आपण दरसाल कापत होतो आणि वरचा भार वाढू देत होतो. जे झाड आपले खांब आपण उभारतं त्याला आपण ताडासारखं एका खोडावर उभं राहायला लावलं, आणि वर ते ताडासारखं राहिलं नाही म्हणून दोष दिला.

मोठमोठ्या वडांचीही तीच गत होऊ शकते. तेलंगणात महबूबनगरजवळ पिल्ललमर्री नावाचा वड आहे, त्याचं वय सातशे वर्षं सांगतात. 2017 च्या डिसेंबरात त्याची मोठी फांदी कोसळली. वाळवीने झाड पोखरलं होतं, वरून पर्यटकांची वर्दळ. शेवटी लोकांना आत सोडणं बंद करून 2018 मध्ये त्याला चक्क सलाईन लावलं. शेकडो बाटल्या फांद्यांना टांगून थेंब थेंब कीटकनाशक आत सोडलं, फांद्यांखाली टेकू बांधले, आणि कोवळ्या पारंब्या नळ्यांमध्ये घालून जमिनीपर्यंत पोचवल्या. झाड सावरलं. पण ह्या शेवटच्या कामाकडे बघा. त्या नळीचं काम काय? वरच्या फांदीपासून खालच्या मातीपर्यंतची वाट मोकळी ठेवायची. पेमगिरीत हेच काम देवाच्या नावाने, बिनखर्चात, कितीएक पिढ्या चाललंय.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. शहरांसाठीचा 1975 चा झाडांचा कायदा आहे, 2021 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरच्या झाडाला 'हेरिटेज' म्हणायचं, आणि तोडायचंच झालं तर झाडाचं वय जितकं तितकी रोपं लावायची. शंभर वर्षांचा वड तोडला, शंभर रोपं. हिशोब कागदावर चोख आहे. पण कायदा वय मोजतो, जमीन मोजत नाही. शंभर रोपं लावायला शंभर खड्डे पुरतात. त्यातल्या एकाचा जरी पेमगिरीसारखा वड व्हायचा असेल तर त्याच्या भोवती तीन एकर माती दोनएकशे वर्षं मोकळी ठेवायला लागेल. ते कोण लिहून देणार? आणि पेमगिरी तर खेडं आहे, हा शहरांचा कायदा तिथे लागूच नाही. तिथलं झाड टिकलं ते लोकांच्या भीतीवर आणि भक्तीवर.

रस्त्याकडेला वड लावायची कल्पना या देशात फार जुनी. अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात कोरून ठेवलंय की माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वाटेवर वड लावले. ज्यांचं नाव आता आमच्या जिल्ह्याला दिलंय त्या अहिल्याबाईही याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्यांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. चालणाऱ्याला सावली, पाणी आणि टेकायला जागा, एवढा साधा विचार. आता चालतंय कोण, हे खरंच आहे. आम्हीसुद्धा एसी लावूनच गेलो होतो. रस्ता अरुंद ठेवा असं माझं म्हणणं नाही. पण नवा रस्ता होताना जिथे म्हणून जुनी लेन सुटते, गावाला वळसा पडतो, तिथे दहा-बारा वड आणि भोवतीची पडीक जमीन राखता येते का, हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या दिवशी विचारायचा असतो. आमच्या धंद्यात त्याला रिक्वायरमेंट म्हणतात. नंतर सांगितलं तर बिल वाढतं आणि कामही धड होत नाही.

निघताना आजोबांना चहाला चला म्हटलं तर नको म्हणाले, शेळ्या शेतात जातील. आईने त्यांना डब्यातल्या दोन दशम्या दिल्या. मामेभावाने वाटेत सांगितलं की शाळेच्या सहली येतात, पोरं पारंब्यांना लोंबकळतात, लोक खोडांवर नावं कोरतात, गाड्या थेट फांद्यांखाली आणून लावतात. पर्यटन वाढलं पाहिजे असं गावाला वाटतं आणि वाटायलाच हवं, चार पैसे येतात. माझी धास्ती वेगळीच आहे. पर्यटन आलं की सुशोभीकरण येतं, आणि सुशोभीकरण म्हटलं की आपल्याकडे पहिलं काय येतं? ब्लॉक. उद्या त्या झाडाखाली कुणी हौसेने रंगीत ब्लॉक बसवले, तर मोठे खांब उभेच राहतील, फोटो झकास येतील, आणि पुढची पन्नास वर्षं कुणाच्या लक्षातही येणार नाही की नवी पारंबी टेकायची थांबलीये.

तेव्हा मंडळी, जरूर जा. संगमनेरपासून फार लांब नाही, सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत येता येतं. पाणी आणि डबा बरोबर घ्या, कचरा परत आणा. गाडी लांब लावा, फांद्यांच्या सावलीबाहेर. चाकाखाली माती दबते आणि दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही. खाली बघून चाला. गुडघ्याएवढ्या उंचीवर लोंबणारी, कोवळ्या टोकाची एखादी पारंबी दिसेल, तिला वीत-दोन वीत अंतर उरलेलं असेल. तिच्याखाली सतरंजी टाकू नका, पाच फूट सरकून बसा.

आणि तुमच्या सोसायटीपाशी एखादा वड असेल तर खोडाभोवतीचे ब्लॉक निघतात का ते पुढच्या मीटिंगमध्ये विचारा. आमच्याकडे त्या चौकात आता वड नाही, पण मागच्या गल्लीत एक पिंपळ आहे. त्याच्या भोवतीची दोन रांगा ब्लॉक काढायचा अर्ज मी सोमवारी टाकलाय. झाडावरून खालचं पार्किंग एका गाडीने कमी होईल, त्यामुळे आमच्या मजल्यावरचे दोघे माझ्याशी सध्या बोलत नाहीत.

किल्ल्याबद्दल पुढच्या रविवारी. गुडघे शाबूत राहिले तर.